लाभ, दोन, तीन

तलमडुगु,
मार्गशीर्ष, १९९३

प्रिय दौलत यास,

दादाचा आशीर्वाद. तुझ्या वहिनीची जखम आता पूर्ण भरून आली. काल ती ऐकेनाच, म्हणून तिला धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या दोन-चार ओळी वेचू दिल्या. ओटीत कापूस घेऊन थोड्या वेळानं धुऱ्यावर टेकली आणि म्हणाली, "दौलत भावजीले लिहा, म्हनाव वयनी जित्ती हाय आन् कापूस वेचून राह्यली." तेव्हा पहिली बातमी तिच्याच शब्दांत कळवली. पवळ्या बैल अजून पाय ओढतो. मारुतीच्या देवळावर नवे पत्रे बसले. संध्याकाळी मी पोथी वाचायला बसतो तेव्हा ऐकायला तीच चार म्हातारी माणसं असतात, आणि त्यांतली दोन झोपतात. तरी वाचतो. झोपेत कानावर पडलेलं नाव वाया जातं असं मला वाटत नाही.

तू दवाखान्यात आलास त्या दिवशी आपलं नीट बोलणंच झालं नाही. दुपारच्या बसनं आलास, संध्याकाळच्या बसनं मंचेरियलला परत निघालास, कारण दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला खाणीत उतरायचं होतं. जाता जाता तू विचारलंस, "ऑपरेशन पोटाचं होतं ना दादा, मंग वयनीले फुंकाले काऊन लावलं?" आणि हसलास. बस सुटत होती, उत्तर राहून गेलं. ते आज सविस्तर लिहितो. मी सातवी शिकलेला माणूस, पण ही गोष्ट मला डॉक्टरांनी इतकी नीट समजावून दिली की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. आणि सांगायला तुझ्यावाचून कोण आहे?

तुला माहीत आहे, वहिनीच्या पित्ताच्या पिशवीत खडे निघाले होते. कळ आली की ती जात्याला मिठी मारून बसायची. आदिलाबादला रेल्वे फाटकाजवळ जो धर्मादाय दवाखाना आहे, तिथले सर्जन ऑपरेशन करायला तयार झाले. पण त्यांनी तिच्या पाठीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा बदलला. छातीत शिट्टी वाजते म्हणाले. पोट उघडायचं तर पूर्ण भूल द्यावी लागणार, आणि जिची छाती हवा नीट आत-बाहेर करत नाही तिला झोपवलं तर उठेलच असं सांगता येत नाही. आधी छातीचं माप काढून आणा, माप पुरेसं आलं तर ऑपरेशन, नाहीतर गोळ्या घ्या आणि घरी जा. घरी जा म्हणजे काय ते मला कळत होतं. पुढची कळ कधी जिवावर बेतेल याचा नेम नव्हता.

माप काढणारे डॉक्टर यशवंतराव. नागपूरकडे मेडिकल कॉलेजात त्यांनी आयुष्यभर पोरांना शरीर कसं चालतं ते शिकवलं, आणि म्हातारपणी इथं येऊन बसले. येताना कॉलेजनं टाकून दिलेलं एक यंत्र घेऊन आले. तू पाहिलं नाहीस, म्हणून सांगतो. एक उंच डबा पाण्यानं भरलेला. त्या पाण्यात दुसरं हलकं भांडं पालथं घातलेलं, आपण पाण्यात पेला पालथा दाबतो तसं. त्या भांड्याच्या पोटातल्या हवेपर्यंत एक रबरी नळी जाते. नळीतून श्वास सोडला की पालथं भांडं वर उचलतं, श्वास घेतला की खाली बसतं. भांड्याला दोरी, दोरी चाकावरून गेलेली, आणि दुसऱ्या टोकाला शाईची लेखणी. समोर कागद गुंडाळलेला ढोल सावकाश फिरतो. माणूस श्वास घेतो आणि त्याची रेघ कागदावर उमटते. मी हात जोडले. देवाला नव्हे, त्या रेघेला. पन्नाशीला आलो, पण श्वास डोळ्यांनी पाहिला नव्हता.

त्याआधी डॉक्टरांनी एक गंमत केली. वहिनीचं मनगट धरून नाडी पाहत बसले आणि तिला गावच्या गोष्टी विचारू लागले. बराच वेळ धरलं. मग मनगट सोडून मला हळूच म्हणाले, "मी नाडी बघत नव्हतो. श्वास मोजत होतो. माणसाला सांगितलं की तुझा श्वास मोजतोय, की तो लगेच बदलतो. म्हणून हात धरायचा मनगटाचा आणि नजर ठेवायची खांद्यावर." मला हे फार आवडलं. पोथीत मन चोरटं म्हटलंय, पण श्वासही तितकाच लाजरा निघाला.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या विहिरीवर मोट होती का?" होती म्हटलं, मी आणि माझा भाऊ दोघं हाकायचो. "मग तुम्हाला सोपं आहे," म्हणाले. "प्रत्येक श्वासाला छातीत हवेची एक मोट येते. शांत बसलेल्या माणसाची मोट साधारण अर्ध्या लिटरची. ती केवढी आहे आणि मिनिटाला खेपा किती, याचा गुणाकार केला की एका मिनिटात छाती किती हवा उपसते ते कळतं. पण सगळं पाणी पिकाला मिळतं का? मोट रिती होते त्या थारोळ्यातून वाफ्यापर्यंतचा दांड आधी भिजतो. तसंच नाक, घसा, मोठी श्वासनळी हा दांड. तिथली हवा काही कामाची नाही. रक्ताला मिळते ती त्याच्या पुढे पोचलेली. आता मोट जर लहान झाली, आणि माणसानं भरपाई म्हणून खेपा वाढवल्या, तर बैल दमतात, गुणाकार तेवढाच दिसतो, आणि पाणी दांडातच जिरतं." दौलत, मला एकदम आपली विहीर दिसली. मोट फाटली होती त्या वर्षी तू धावेवरून बैल पळवत होतास, आणि बाबा वाफ्यात उभे राहून ओरडत होते, "अरे, पानी कुटी हाय? नुसता गोंधळ आयकू येते!"

आता वहिनीची कथा. तिला खुर्चीत बसवलं, नळी तोंडात दिली आणि नाकाला चिमटा लावला. चिमटा पाहूनच ती हसायला लागली. नळी काढून म्हणाली, "नाक दाबलं का तोंड उघडते म्हन्तात, ते इथंच काढलं वाटते." तिथली सिस्टर तेलुगू, पण तिलाही हसू आलं. डॉक्टर म्हणाले, साधा श्वास घ्या, नेहमीसारखा. आणि तुला सांगतो, तसं म्हटल्याबरोबर तिला साधा श्वास जमेना. कधी मोठा, कधी अडखळत. रेघ म्हणजे नांगरटीचं शेत. तेव्हा डॉक्टर तिच्याकडे पाठ फिरवून माझ्याशी कापसाच्या बोंडअळीबद्दल बोलत बसले. थोड्या वेळात तिचं लक्ष आमच्याकडे लागलं, श्वास तिला विसरला आणि ती श्वासाला. रेघ शांत झाली. पाहिलं तर नुसत्या लहान लहान लाटा.

मग मुख्य परीक्षा. छाती गच्च भरून घ्यायची आणि एका दमात, जोरात, शेवटपर्यंत सोडायची. किती आलं हे एक माप, आणि किती झपाट्यानं आलं हे दुसरं. डॉक्टर म्हणाले, "बाई, समोर दिवा आहे असं समजा. फुंकर मारून विझवा." सिस्टर म्हणाली, "गट्टिगा ऊदम्मा," म्हणजे जोरात फुंक ग. आणि बोट वर करून मोजायला लागली, "ओकटि." वहिनीनं तेवढ्यात नळी काढली. "सिस्टर, मापाची सुरवात एकापासून नसते करत. लाभ म्हना." सिस्टरला मराठी कमी कळतं, पण लाभ शब्द तिनं पकडला. "लाभम्!" म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून हसली. तिच्या आजोबांच्या खळ्यावरही भाताचं पहिलं माप लाभम् म्हणूनच टाकायचे म्हणे. दोन भाषा, पण रास एकच.

आपलं खळं आठवलं. बाबा ज्वारीच्या राशीला नमस्कार करून पायली भरायचे, आणि मोजताना कुणी बोलायचं नाही. लाभ, दोन, तीन. तू पोतं धरायचास. एकदा तू आईला विचारलंस, मोजल्यानं रास कमी होते का? शेजारची म्हातारी होते म्हणाली होती. बाबांनी माप खाली ठेवलं आणि तुझ्याकडे पाहिलं. "मापलं म्हनून रास घटत नाई रे बाप्पा. जेवडी हाय तेवडीच राह्यते. आपल्याले ठाऊक होते, एवडंच." मापाच्या मध्येच बाबा बोलल्याचं मला तेवढं एकच आठवतं.

तर लाभ म्हणून मोजणी सुरू झाली, पण लाभ काही झाला नाही. वहिनीनं फुंकलं ते असं, जणू झोपलेल्या लेकरावरची माशी उडवायची आहे. भांडं थोडं हललं आणि बसलं. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा सिस्टर ओरडून ओरडून घामाघूम झाली. डॉक्टरांनी कागद काढून पट्टीनं रेघ मोजली. तिच्या वयाच्या, उंचीच्या बाईची जेवढी हवा यायला हवी त्याच्या निम्मीही आली नव्हती. डॉक्टर कपाळ चोळत म्हणाले, "ही रेघ मला पटत नाही. पण मला जे दिसतं तेच मी लिहिणार. चार-आठ दिवसांनी पुन्हा आणा. पुन्हा हेच आलं तर भूल देता येणार नाही." परत येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी तिला काही विचारलं नाही. मनात नारायणाचं नाव घेत होतो, पण खरं सांगतो, नावामागे ध्यान नव्हतं. ही गेली तर घरात दिवा कोण लावेल, एवढाच विचार.

आणि उत्तर त्या दिव्यातच होतं, पण मला उशिरा दिसलं. संध्याकाळी तिनं देवाजवळ निरांजन लावलं, माझी पोथी झाली, आणि उठताना तिनं नेहमीसारखी फुलाची पाकळी ज्योतीवर टेकवून दिवा शांत केला. तुला आठवतं ना, आईनं आपल्याला कधी दिवा फुंकू दिला नाही. तोंडचा वारा उष्टा, तो ज्योतीला लागू द्यायचा नाही. चिमणीसुद्धा हाताच्या वाऱ्यानं मालवायची. हे मी रोज पाहतो, म्हणून त्या दिवशीही पाहून न पाहिल्यासारखं झालं. सकाळी उठलो. आश्विन असूनही दोन दिवस पाऊस होता, जळणाची पऱ्हाटी भिजली होती, चूल काही धरेना. वहिनी चुलीपुढे गुडघ्यावर, हातात लोखंडी फुंकणी. तिनं छाती भरली आणि फुंकलं. दौलत, ती फुंक संपेचना! राख उडाली, निखारा लालभडक झाला, मांजर उठून पळालं, आणि ती अजून फुंकतेच आहे. मी दारात थिजलो. कालची बाई ही नव्हेच.

मी विचारलं, "काल असं काऊन नाई फुंकलं?" तर कपाळाची राख पुसत म्हणाली, "काल चूल कुटी होती? काल त दिवा होता." म्हटलं, कुठला दिवा? "डाक्टरच म्हनाले ना, समोर दिवा हाय, इजवा म्हनून. पोट फाडाच्या आंधी, आपल्याच तोंडानं, दिवा इजवाचा? लेकुरवाळ्या बाईनं? मी आपले ओठ हालवले नावापुरते. मोठा मानूस, त्याईले नाई कसं म्हनाचं." मी म्हटलं, अगं मग मला तरी सांगायचं. "तुमी इचारलं काऊन नाई?" काल मीही तिथंच उभा होतो, दिवा विझवा हे शब्द मीही ऐकले होते. डॉक्टरांच्या तोंडून आले म्हणून मला ते नुसते शब्द वाटले. तिला मात्र खोलीत खरोखर ज्योत दिसली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही पुन्हा निघालो. फुंकणी जुन्या लुगड्यात गुंडाळून तिनं पिशवीत घेतली. मी नको म्हटलं, पण ती माझ्याशिवाय जाईल, फुंकणीशिवाय नाही. वाटेत पोलिसांनी बस थांबवली. हल्ली जंगलवाल्या नक्षल्यांमुळे झडती कशी असते ते तू जाणतोस. पिशवीत लोखंडाची नळी लागली तसा जवानानं हात मागे घेतला आणि दरडावलं, "इदेमिटि?" हे काय आहे? तुझ्या वहिनीनं लुगडं सोडलं, फुंकणी तोंडाला लावली आणि त्याच्या दिशेनं फूऽऽ करून दाखवलं. जवान बिचारा पोरसवदा, त्यालाही घरची चूल आठवली असावी. हसला आणि उतरून गेला.

डॉक्टर यशवंतरावांनी सगळं ऐकून घेतलं. हसतील वाटलं, पण हसले नाहीत. फुंकणी हातात घेऊन फिरवून पाहिली आणि म्हणाले, "इतकी वर्षं मी हजारो माणसांना दिवा विझवायला सांगितलं. त्यांतल्या किती बायांनी नुसते ओठ हलवले असतील, देव जाणे." मग रबरी नळी तिच्या हाती देऊन म्हणाले, "ही तुमची फुंकणी. समोर ओली पऱ्हाटी. ओसरीवर व्याही येऊन बसलेत आणि चहाचा पत्ता नाही." वहिनीनं पदर खोचला. सिस्टर म्हणाली, "लाभम्!" आणि ते पालथं भांडं पाण्यातून असं उसळलं की डॉक्टरांच्या सदऱ्यावर शिंतोडे आले. मग "रेंडु". मग "मूडु". लेखणी कागदाच्या कडेपर्यंत गेली. मला त्या क्षणी कोण आठवलं असेल? तू. नेरडीगोंड्याच्या पोरांशी झालेली ती कबड्डी. त्यांचे सगळे तुझ्या अंगावर, आणि तू रेघेकडे सरकतो आहेस, आणि तोंडात अजून तोच एक दम. सगळं गाव श्वास धरून उभं होतं. दम म्हटला की गावात अजून तुझंच नाव निघतं.

माप पुरेसं आलं. सर्जननं कागद पाहून होकार दिला. पण डॉक्टरांनी मला बाजूला बसवून खरं तेही सांगितलं. हवा येते, पण यायला हवी त्यापेक्षा सावकाश येते. आतल्या बारीक नळ्या धुरानं आवळल्या आहेत. "या फुंकणीनं तिला फुंकायला शिकवलं, आणि त्याच चुलीनं तिची छाती खाल्ली," म्हणाले. म्हणून आता चूल मागच्या पडवीत नेली आहे आणि भिंतीतून धुराडं काढलं आहे. पहिले दोन दिवस वहिनी कुरकुरली की भाकरीला धुराचा वास नाही. आता गप्प खाते.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली, ती माझ्या मनातून जात नाही. माणूस कितीही जोर लावून फुंको, अगदी डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत, तरी छातीच्या तळाशी थोडी हवा राहतेच. तेवढी उरते म्हणून फुप्फुस मिटत नाही. पण छाती बिघडलेल्यांमध्ये ती जास्त साठून राहते. त्या पाण्यातल्या भांड्याला तिचं माप कळत नाही, कारण ती बाहेरच येत नाही. ती मोजायची तर मोठ्या शहरातलं यंत्र लागतं. ठरावीक मापाचा एक हलका वायू श्वासाबरोबर आत पाठवतात, आणि आतल्या हवेत मिसळून तो किती पातळ झाला त्यावरून तळाशी किती आहे ते काढतात. वहिनी लगेच म्हणाली, "म्हंजे वरनात मीठ टाकून पानी किती ते पारखाचं." डॉक्टर म्हणाले, "तसंच. फक्त जीभ यंत्राची."

ऑपरेशनच्या दिवशी मी व्हरांड्यात बसून होतो. देवाकडे मागणं असं काही केलं नाही. नुसता आपला श्वास येताना पाहिला, जाताना पाहिला, प्रत्येकाबरोबर नाव घेतलं. सर्जन बाहेर येऊन सगळं ठीक झालं म्हणाले तेव्हा कुठं मी बाकावरून उठलो. तिसऱ्या दिवशी बायकोला, द्वारकेला घेऊन तू आलास. वहिनीची खाट वरच्या मजल्यावर होती. द्वारका वर आली, आणि तू जिन्याच्या वळणावर थांबलास. मी वरून पाहत होतो. भिंतीवरचं कॅलेंडर तू फार वेळ पाहत होतास, कठड्याला धरून. त्यावर दुधाच्या पावडरीचा डबा आणि एक गुबगुबीत मूल होतं. वर आल्यावर तू नेहमीसारखा, आल्या आल्या वहिनीला म्हणालास, "डाक्टरचं भांडं त नाई ना फोडलं, वयनी?" डॉक्टर तिथंच होते, तेही हसले. तुला शेजारी बसवून, खाणीतलं काय काय विचारत तुझं मनगट धरून बसले, आणि बराच वेळ धरलं. ते गेल्यावर तू मला म्हणालास, "तुमच्या डाक्टरले नाडीच सापडेना, दादा."

दौलत, एवढं सगळं लिहून झालं, आणि ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते अजून तळाशीच आहे. डॉक्टर तुझी नाडी शोधत नव्हते. टाके काढायला गेलो तेव्हा त्यांनी मला दाराआड नेलं. तुमचे भाऊ माझे रोगी नव्हेत, पण डोळे मिटून घेता येत नाहीत, म्हणाले. नुसता बसलेला माणूस, पण मानेच्या शिरा ओढून श्वास घेतो. लहान मोट आणि भराभर खेपा. पाणी दांडातच जिरतंय. मी म्हटलं, असं कसं होईल, उन्हाळ्यातच खाणीत त्याची फुंकायची तपासणी झाली, छाती उत्तम निघाली, त्यानं गावात पेढे पाठवले होते. ते पेढे मी मारुतीपुढे ठेवून वाटले होते रे. घरी येऊन वहिनीला सांगितलं तर ती भाकरी थापायची थांबली आणि इतके दिवस मनात ठेवलेलं बोलली. तुझं मनगट डॉक्टरांच्या हातात होतं तेव्हा तिच्या उशाशी बसून द्वारका रडली होती. तपासणीच्या दिवशी तुझ्या नावानं तुझा जोडीदार चंपत फुंकून आला, हे तिनं शपथ घालून सांगितलं होतं. द्वारकेवर रागावू नकोस. रोज पहाटे तुझ्या खोकल्यानं जिला जाग येते, तिनं आणखी किती दिवस एकटीनं ऐकायचं? चंपतची छाती चांगली आहे, देव ती तशीच ठेवो. पण कागदावर तुझ्या नावापुढे त्याचा श्वास लिहिलाय, आणि जिना तुला तुझ्याच श्वासानं चढावा लागतो. तू असं का केलंस ते मला कळतं. ज्याच्या एका दमासाठी गाव श्वास धरून उभं राहायचं, त्यानं नळी तोंडात धरायची आणि भांडं हललंच नाही तर, ही भीती मला कळते. खाणीतून वर काढलं तर काढू दे. धुऱ्यावर दोघांना बसायला जागा आहे. येत्या बुधवारी मी पहिल्या बसनं मंचेरियलला येतो आणि तुला घेऊन डॉक्टर यशवंतरावांकडे जातो. त्यांचा कागद ते फक्त तुझ्या हातात देतील, मी बोलून ठेवलं आहे. पुढं कुणाला काय सांगायचं ते आपण दोघं बसून ठरवू. बाबांचं आठव, मापलं म्हणून रास घटत नाही. वहिनीही आदिलाबादला येऊन थांबणार आहे, फुंकणी घेऊन, ती काही ऐकत नाही. सिस्टरला मोजू देणार नाही, मीच मोजीन म्हणते. तेव्हा जेवढा येईल तेवढा येऊ दे. भांडं बोटभरच उचललं, तरी तुझ्या पहिल्या श्वासाला ती एक म्हणणार नाही. लाभच म्हणेल.

बुधवारी स्टँडवर ये. सावकाश चालत ये.

तुझाच,
मोतीरामदादा